दोनशे बारा कार्डांचा शब्द

"इंग्रजीत तीन अक्षरं आहेत, बाई. जेवायच्या सुट्टीआधी तुमच्या टेबलावर ठेवतो," असं मी बोलून गेलो.

आमच्या मुख्य संपादक बाईंनी चष्मा खाली घेतला आणि वरून माझ्याकडे बघितलं. "कुठल्या दिवशीच्या जेवायच्या सुट्टीआधी, तेवढं सांगून ठेवा," त्या म्हणाल्या.

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी पडलो हुशार. आमचं ऑफिस इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं. मी तिथे वर्षभर कच्चा माणूस, म्हणजे नेमणूक कायम व्हायची होती, आणि त्या वर्षात मी भलेमोठे शब्द झपाट्याने उडवले होते. मोठ्या शब्दांचं एक बरं असतं. ते दिसतात भारदस्त, पण अर्थ एकच. कुठल्या तरी रोगाचं नाव नाहीतर किड्याचं. मराठी नाव लिहिलं की आपण सुटलो. अशा माणसाला बाईंनी दिला 'सेट'!

मी आनंदाने कार्ड घेतलं. आमच्याकडे एका अर्थाला एक कार्ड. पहिल्या कार्डावर लिहिलं, ठेवणे. दुसऱ्यावर, बसवणे. मग घड्याळाचा गजर आठवला, तो लावणे. लग्नाची तारीख, ती ठरवणे. सिमेंट घट्ट होतं तो सेट, सूर्य मावळतो तोही सेट. मोडलेलं हाड सेट, सलूनमधले केस सेट. कपबशांचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट. एखाद्याचा पोरगा नोकरीला लागला की तोही सेट. जेवायची सुट्टी झाली तेव्हा मी एकोणिसाव्या कार्डावर होतो. त्यानंतर अशा त्रेचाळीस जेवायच्या सुट्ट्या झाल्या. घरी बायको म्हणाली, "दूध तापायला सेट कर," तर मी दूध सोडून कार्ड शोधायला धावलो, आणि दूध उतू गेलं.

शेवटी कार्डं झाली दोनशे बारा. शुक्रवारी बाई म्हणाल्या, "सोमवारी दहा वाजता मी मोजून घेईन. क्रम लावलेला हवा. तुमच्या कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन माझ्या खणात आहे. सही तेवढी राहिली आहे."

आता इथे आमच्या ऑफिसचा नियम सांगायला हवा. कार्ड ऑफिसबाहेर जात नाही. प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक असतं, त्यातून ड्रॉवरमधली पितळी सळई जाते आणि कार्डं माळेसारखी अडकून बसतात. एका अर्थाचं एकच कार्ड, दुसरी प्रत नाही. बाईंच्या आधीच्या संपादकांनी एकदा एक कार्ड खिशातून घरी नेलं आणि ते धुण्यात गेलं, म्हणून आमच्या कोशात एका साध्या शब्दाला आजही अर्धेच अर्थ आहेत, असं सांगतात. खरंखोटं बाई जाणोत.

पण दोनशे बारा कार्डांचा क्रम लावायचा तर ती एका नजरेत दिसायला हवीत, आणि माझं टेबल शाळेतल्या बाकाएवढं. मला हवी होती फरशी. मी शुक्रवारी संध्याकाळी सळई काढली, कार्डं चपलांच्या खोक्यात भरली आणि घरी आणली. छातीत असं धडधडत होतं की जणू मी बँक लुटून निघालो होतो.

शनिवारी बायको तिच्या दवाखान्यात होती. ती जनावरांची डॉक्टर. मी दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत कार्डं मांडली. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई कडेकडेने चालत म्हणाल्या, "पत्ते खेळताय? एकटेच?" दुपारपर्यंत क्रम लागला. पुन्हा विस्कटू नये म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लाल स्केचपेनने मोठा आकडा टाकला, एक ते दोनशे बारा. खोका भरला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि रात्री असा झोपलो, असा झोपलो, की रविवारी सकाळी नऊला जाग आली.

टेबलावर खोका नव्हता.

मी टेबलाखाली बघितलं. फ्रिजवर बघितलं. मग फ्रिजमध्येही बघितलं, कारण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.

"सासूबाई, इथला खोका?"

"लेकीने नेला शिबिराला. फार खूश होती हो. म्हणाली, आई, अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलेलं काम या माणसाने वेळेत केलं."

"कुठलं काम?"

"टोकनं."

मी खुर्चीत बसलो. मंगळवारी सकाळी मी दाढी करत असताना बायको दारात येऊन म्हणाली होती, "अरे, रविवारी लसीकरणाचं शिबिर आहे. दोनशे टोकनं करून देशील? जाड कागद घे, आकडे मोठे काढ, आणि खाली भोक पाड. दोरा ओवून जनावरांच्या गळ्यातच बांधते. माणसांच्या हातात दिली की हरवतात." मी तोंडावर फेस असताना म्हणालो होतो, "झालंच समज." आणि त्या क्षणी ते डोक्यातून साफ पुसलं गेलं, कारण डोक्यात सेट होता.

तिने मागितलं होतं जाड कागद, मोठे आकडे, खाली भोक. टेबलावर होतं जाड कागद, मोठे आकडे, खाली भोक. तिचं काय चुकलं?

शिबिर होतं जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात. मी चपला उलटसुलट घालून पोचलो. फाटकापासून आतपर्यंत कुत्र्यांची रांग, मधूनमधून मांजरांच्या टोपल्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात माझे दोन महिने लोंबकळत होते. एक म्हातारा बुलडॉग रांगेत बसकण मारून बसला होता, मालक ओढतोय आणि तो हलत नाही. मी त्याचं कार्ड उलटून बघितलं. लिहिलं होतं, 'ठाम. आपल्या जागेवरून वा मतावरून न ढळणारा.' पुढे पोट जमिनीला टेकलेली एक कुत्री होती, तिच्या गळ्यात 'एकजातीय वस्तूंचा समूह.' दुसरा कुठला दिवस असता तर मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी कार्ड तसंच सोडून पुढे पळालो.

बायकोने मला बघितलं आणि हातात सुई असताना हसली. असं हसणं मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. शेजारच्या कंपाउंडरला ती म्हणाली, "हे माझे मिस्टर. टोकनं यांनीच केली. दोनशे सांगितली तर वर बारा जास्त. आणि कागदही विकत आणला नाही, ऑफिसची रद्दी वापरली."

रद्दी!

सांगायला तोंड उघडलंच होतं मी. 'अगं, मी विसरलो. ही टोकनं नाहीत, ही माझी नोकरी आहे.' एवढंच वाक्य. पण ती हसत होती. मी तोंड मिटलं आणि विचारलं, "किती झाले?"

"अठ्ठावन्न. त्यातले एक्केचाळीस घरी गेले."

"टोकन घालून?"

"मग काय काढून घेऊ? इंजेक्शन दिलं की अर्धा तास बसवून ठेवते, त्रास होतो का बघायला, आणि सोडते."

एक्केचाळीस. मी कंपाउंडरच्या हातातली कात्री काढून घेतली आणि फाटकात उभा राहिलो. "टोकनं जमा करायची आहेत," प्रत्येकाला सांगायचो, दोरा कापायचो, कार्ड शर्टाला पुसायचो आणि खिशात टाकायचो. लांबून बायको कोणाला तरी सांगताना ऐकू आलं, "शिस्त बघा. पुढच्या वेळी तीच टोकनं वापरता येतील."

दुपारी एकला शिबिर संपलं. फाटकात एकशे बत्तीस मिळाली. खोक्यात न वापरलेली एकोणचाळीस होती. राहिली एक्केचाळीस. मी सहज विचारल्यासारखं करून रजिस्टर मागितलं.

"पत्ते आहेत यात?" मला विश्वास बसेना. जनावराचं नाव, रंग, टोकन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात पत्ता.

"तो रकाना रांगेतल्या एका बाईंनी सुचवला," बायको हातमोजे काढत म्हणाली. "आधीच्यांचे पत्तेही त्यांनीच फिरून लिहून घेतले. फार हुशार बाई. पण तुला कशाला हवेत?"

"चौकशी करून येतो. कुणाला ताप वगैरे आला का."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "जा मग," म्हणाली. "सगळ्यांकडे जाऊन ये."

मंडळी, तुम्ही कधी अनोळखी माणसाच्या दारात जाऊन म्हणालात का, की तुमच्या कुत्र्याच्या गळ्यातलं मला द्या? लोक दार पुढे लोटतात. पहिल्याच घरी एक शिंपी होते. त्यांनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "ते टोकन नाही. ते लस दिल्याचं सर्टिफिकेट आहे. वर्षभर गळ्यात राहील."

"अहो, सर्टिफिकेट वेगळं असतं."

"मग यावर एवढं बारीक काय लिहिलंय? टोकनावर कुणी एवढं लिहितं का?"

मी खिशातून कागद काढला, 'लस दिली' असं लिहिलं, सही केली आणि बदल्यात कार्ड मागितलं. शिंपी म्हणाले, "घ्या की. तुम्हीच काढून घ्या." कुत्रा मशीनखाली होता. माझा हात पुढे गेला तसा त्याने ओठ वर केला. शेवटी शिंप्यांनीच लांब कात्रीने दोरा कापला, पण तोवर त्याने कार्डाचा कोपरा चावून घेतला होता. सतरा नंबरच्या अर्थावर आजही चार दातांचे ठसे आहेत.

असं घरोघर. एका घरी कार्ड भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं, वर कुत्र्याचा फोटो. घरातल्या आजी म्हणाल्या, "राहू दे हो, पहिल्यांदाच त्याला काहीतरी मिळालंय." त्यांना मी कोऱ्या कागदावर 'शूर कुत्रा' असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, तेव्हा कार्ड मिळालं. एका घरी मांजर कपाटावर चढून बसलेलं होतं आणि मालक म्हणाले, ते उतरेल तेव्हा उतरेल. मी पाऊण तास स्टुलावर उभा राहून त्याची मनधरणी केली. घाईत कार्डं न बघता खिशात कोंबत होतो, डोकं फक्त आकड्यांत होतं. बावीस मिळाला. नऊ मिळाला. एक, दोन, तीन, पाच.

चार मिळेना.

रजिस्टरात चारच्या पुढे 'मांजर, करडं' एवढंच होतं. पत्त्याचा रकाना कोरा. बायकोला फोन केला. "अगं, तीच ती हुशार बाई. सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले, स्वतःचा तेवढा राहिला," ती म्हणाली. "का रे? मांजराला ताप आला असेल का?"

सात वाजता मी घरी जमिनीवर बसून लाल आकड्यांवरून गठ्ठा लावला. दोनशे अकरा. उलटसुलट तीनदा मोजले. दोनशे अकरा. उद्या दहा वाजता बाई सळईवर बोट फिरवत मोजणार, आणि बाईंचं बोट चुकत नाही. माझं पत्र खणातून निघून टोपलीत जाणार. मला खरंच भीती वाटली. नोकरीची वाटलीच, पण त्याहून जास्त, घरी येऊन का गेली ते सांगावं लागेल याची.

मग मी ते केलं. बॅगेत ऑफिसचं एक कोरं कार्ड होतं. ते काढलं. चार नंबर कुठला अर्थ होता एवढं आठवलं, सिमेंटचा. पण दोन महिन्यांपूर्वी त्यावर मी नेमकं काय लिहिलं होतं, त्यातला शब्दही आठवेना. लिहून टाकलं, 'पातळ असलेलं घट्ट होणं. जसं, सिमेंट.' मागे लाल आकडा घातला. भोक पाडायला काही सापडेना तेव्हा सासूबाईंनी विणकामाची सुई पुढे केली.

"पत्ता हरवला वाटतं डावातला," त्या म्हणाल्या.

"हो."

"बायकोला सांगितलंत?"

"पत्त्याचं काय सांगायचं?"

"तेही खरंच," असं म्हणून त्या विणत बसल्या.

सोमवारी साडेनऊलाच मी सळई ओवून ड्रॉवर बाईंच्या टेबलावर ठेवला. दहाला बाई आल्या. पाणी प्यायल्या. चष्मा पुसला. बोट टेकवून मोजायला लागल्या. मी समोर उभा. दीडशेपासून मीही मनातल्या मनात मोजायला लागलो.

"दोनशे बारा," बाई म्हणाल्या.

बाईंनी पर्स उघडली, त्यातून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. खालच्या भोकात अजून दोरा होता. दोऱ्याला करडे केस चिकटले होते. मागे लाल चार.

"दोनशे तेरा," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला सांगा, काल माझ्या मांजराच्या गळ्यात बांधून दिलेला अर्थ आज ड्रॉवरमध्ये कसा?"

बाईंच्या घरी मांजर आहे हे आमच्या ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. बाईंना घर आहे याबद्दलसुद्धा आमच्यात दोन मतं होती. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी सळई काढली आणि पुढची कार्डं उलटी केली. काल ज्यांच्या फक्त पाठी मी बघत होतो त्या कार्डांच्या पुढच्या बाजूला बारीक हिरवी शाई होती. हिरवी शाई ऑफिसात एकच माणूस वापरतं. 'अस्तंगमन पावणे' याच्या खाली लिहिलं होतं, 'हे मराठी आहे का?' दुसऱ्या कार्डावर, 'कोण बोलतं असं?' तिसऱ्यावर नुसतंच, 'अरेरे.'

"अर्धा तास बसवून ठेवलं होतं आम्हाला," बाई म्हणाल्या. "मग वेळ कशाला वाया घालवा? मालकांना कुत्री धरायला सांगितली आणि तपासत गेले."

मग मी सगळं सांगितलं. फरशी, खोका, मंगळवारची दाढी, विसरलेली टोकनं, बायकोचं हसणं, एक्केचाळीस घरं, विणकामाची सुई. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी दोन्ही चार नंबर शेजारी ठेवले. जुनं मोठ्याने वाचलं, "'द्रव अथवा अर्धद्रव पदार्थाची घनावस्थेप्रत होणारी परिणती.'" मग नवं, "'पातळ असलेलं घट्ट होणं. जसं, सिमेंट.'"

"हे कधी लिहिलंत?"

"काल. सात वाजता. घाबरून."

"हे चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि नवं कार्ड सळईवर चढवलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी उरलेली दोनशे अकरा कार्डं उचलली, आपल्या खणात टाकली, माझ्या पत्राच्या वरच, आणि खणाला कुलूप लावलं. "आता बाकीचीही अशीच लिहा. न बघता. झाली की पत्रावर सही करते." मी दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "कोणत्या जेवायच्या सुट्टीपर्यंत देताय?"

संध्याकाळी घरी गेलो. बायको भाजी चिरत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "टोकनं मी केली नव्हती. विसरलो होतो. ती माझी ऑफिसची कार्डं होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या बाईंनी काल पावणेनऊलाच सांगितलं. पत्ते लिहून घेतले ते त्यासाठीच. आणि मला म्हणाल्या, त्यांना स्वतःहून सांगू द्या."

"आणि मी आलो तेव्हा तू माझं एवढं कौतुक करत होतीस?"

"म्हटलं, लाज वाटून तरी सांगशील."

"मी एक्केचाळीस घरं फिरलो गं!"

"चाळीस," ती म्हणाली. "आणि मी वाट बघत होते, कितव्या घराहून परत येऊन सांगतोस." तिने चिरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली नाही, पण खुर्ची सरकवली. सासूबाई कोपऱ्यात विणत होत्या. त्यांनाही कालपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं शिबिर सहा महिन्यांनी आहे. त्याची टोकनं मी त्याच आठवड्यात करून टाकली. जाड कागद, मोठे आकडे, खाली भोक. तीनशे आहेत, आणि प्रत्येकाची मागची बाजू कोरी आहे, हे मी दोनदा तपासलं आहे. बायकोने तिसऱ्यांदा तपासलं.

'सेट' अजून चालू आहे. कालच शहाण्णवावं कार्ड लिहिलं. मात्र बाईंचं म्हणणं आहे की मी आता पुरेसा घाबरलेला नसतो, त्यामुळे भाषा पुन्हा बिघडायला लागली आहे.